लाईट गेली म्हणजे तार मेली नव्हे

शेतात विजेचा धक्का बसून माणूस दगावतो त्यामागे फार वेळा एकच समजूत असते: लाईट गेलीय, आता हात लावायला हरकत नाही. तुटलेली तार बांधावरून बाजूला सारताना, डीपीवर (गावच्या किंवा शेताच्या ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज टाकताना, विहिरीवरचा स्टार्टर उघडताना, जळालेली मोटार वर काढताना ही समजूत घात करते. घरातला दिवा विझला यावरून फक्त त्या दिव्यापर्यंत वीज पोचत नाही एवढंच कळतं. एक फेज (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक) तुटला असेल आणि बाकीचे दोन चालू असतील. डीपीवरचा एकच फ्यूज उडाला असेल. उपकेंद्रातला ब्रेकर (दोष आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडला असेल आणि ऑपरेटर पाच मिनिटांत तो पुन्हा चढवून बघणार असेल. थ्री फेजची पाळी संपून नुसती सिंगल फेज राहिली असेल. या प्रत्येक प्रकारात समोरची तार जिवंत असू शकते, किंवा हातात धरलेली असतानाच जिवंत होऊ शकते.

लाईनवर काम करणाऱ्यांसाठी क्रम ठरलेला आहे. उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं, एबी स्विच (खांबावरचा, खालच्या हँडलने चालणारा) उघडायचा, त्याची तिन्ही पाती उघडली आहेत हे डोळ्यांनी बघायचं, हँडलला कुलूप घालायचं, तारेत वीज नाही हे तपासायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने तारा अर्थ करायच्या, म्हणजे जमिनीशी जोडायच्या, आणि मगच हात लावायचा. शेतकऱ्याने यातलं काही करायचं नाही. पण हा क्रम इतका लांबलचक का आहे ते त्याने समजून घ्यावं, कारण यातली एकेक पायरी कुणाचा तरी जीव गेल्यावर आलेली आहे. खाली लिहितोय ते मुख्यतः आपल्याकडच्या शेतातल्या विजेबद्दल आणि त्यातही पावसाळ्यातल्या ओलीबद्दल.

तार खाली पडली आहे

गावात येणारी उच्चदाबाची लाईन बहुतेक ठिकाणी 11 केव्हीची असते, काही भागांत 22 केव्हीची. म्हणजे 11,000 किंवा 22,000 व्होल्ट. तिला तीन तारा असतात आणि चिनी मातीचे मोठे इन्सुलेटर. डीपीतून खाली उतरलेल्या लघुदाबाच्या लाईनला चार किंवा पाच तारा आणि छोटे इन्सुलेटर. तिथे दोन फेजांमध्ये साधारण 415 व्होल्ट, फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांमध्ये 230. दोन्ही प्रकारच्या तारा उघड्या, अ‍ॅल्युमिनियमच्या. त्यांच्यावर प्लॅस्टिकचं आवरण नसतं.

तार तुटून जमिनीवर पडली की फ्यूज उडेल किंवा ब्रेकर पडेल असं सगळ्यांना वाटतं. तसं होईलच असं नाही. ब्रेकर पडण्यासाठी तारेतून पुरेसा मोठा प्रवाह जावा लागतो. कोरड्या मुरमावर, खडकावर, डांबरावर किंवा उसाच्या पाचटावर पडलेल्या 11 केव्हीच्या तारेतून जमिनीत थोडेच अँपिअर जातात. उपकेंद्राच्या दृष्टीने तो नेहमीच्या लोडात मिसळून जातो आणि लाईन चालूच राहते. अशी तार कित्येकदा ना ठिणगी उडवते, ना आवाज करते. माणूस मरायला मात्र त्यातला अगदी थोडा भाग पुरतो.

दुसरा गैरसमज तुटलेल्या तारेच्या दोन टोकांबद्दलचा. उपकेंद्राकडचं टोक चालू आणि पुढचं टोक मेलेलं, असं लोक धरतात. पण पुढच्या बाजूला डीपी जोडलेल्या असतात. एक फेज तुटला आणि बाकीचे दोन चालू राहिले, तर त्या दोन फेजांची वीज डीपीतल्या वेटोळ्यांमधून फिरून तुटलेल्या फेजच्या पुढच्या टोकावर येते, तीही हजारो व्होल्टची. लघुदाबाच्या लाईनवर हेच काम थ्री फेजच्या मोटारी करतात. एक फेज गेला तरी चालू मोटार फिरत राहते आणि गेलेल्या फेजवर उलटी वीज सोडते. तेव्हा दोन्ही टोकं सारखीच धोक्याची.

पडलेल्या तारेपासून किमान 10 मीटर लांब राहा. जमीन ओली असेल, पाणी साचलं असेल तर त्याहून लांब. तारेतून जमिनीत शिरलेली वीज चहूबाजूंना पसरते. तारेजवळ दाब सर्वांत जास्त आणि लांब जाल तसा कमी. म्हणून तिथे लांब टांग टाकली तर एका पायाखाली एक व्होल्टेज आणि दुसऱ्याखाली दुसरं, अशा फरकातून प्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. तुम्ही नकळत तारेजवळ गेलाच असाल आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या तर पळू नका. दोन्ही पाय जुळवा आणि पावलं न उचलता, टाचेला अंगठा लागलेला ठेवून, इंच इंच सरकत मागे या. गाय-बैल अशा जागी हमखास मरतात त्याचं कारण हेच. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर असतं आणि वाटेत काळीज येतं. बैल कोसळला म्हणून धावत त्याच्याकडे जाणारा माणूस दुसरा बळी ठरतो. दाव्याला हात घालू नका.

तार कुंपणावर पडली असेल तर अंतराचा हा हिशोब चालत नाही. काटेरी तारेचं कुंपण वीज दोन-चार एकर लांबपर्यंत घेऊन जातं आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला पडलेली तार दिसतही नाही. वादळाच्या रात्रीनंतर सकाळी शेतात जाताना आधी वर बघावं, मग बांधावर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत खांब आडवे केले तेव्हा वाड्या-बागांतून तारा नारळ-पोफळीत अडकून पडल्या होत्या. अशा वेळी झावळ ओढून वाट मोकळी करायचा मोह होतो. झावळ ओली असते आणि ओली झावळ वीज वाहते.

कुणीतरी एक जण तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवील आणि दुसरा फोन करील. महावितरणचे निःशुल्क क्रमांक 1912, 1800-212-3435 आणि 1800-233-3435. गावच्या लाईनमनचा नंबर असेल तर आधी त्यालाच लावा, कारण तो थेट उपकेंद्राला सांगून फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली आपली लाईन, बंद करू शकतो. बांबूने तार बाजूला सारायची नाही. वाळका बांबू वीज वाहत नाही ही समजूत 230 व्होल्टला कशीबशी चालेल. 11,000 व्होल्टला पावसात भिजलेला बांबू, गमबूट, रबरी चप्पल यातलं काहीही भरवशाचं नाही.

डीपीवर हात घालण्याबद्दल

रात्रीची पाळी, पिकाला पाणी हवंय, फ्यूज उडालाय आणि लाईनमन दुसऱ्या गावात आहे. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपदेश करून भागत नाही. तरीही डीपीच्या पेटीत शेतकऱ्याने हात घालू नये असंच मी म्हणेन, कारण तिथे काय चुकू शकतं ते खालून कळत नाही. पेटीत तीन फेज हातभर अंतरात असतात. एका फेजचं किटकॅट (फ्यूज वायर बसवलेला चिनी मातीचा तुकडा) ओढलं तरी शेजारची दोन चालूच राहतात. पेटीचं दार गेलेलं असतं, आत पाणी झिरपलेलं असतं, किटकॅटच्या पोर्सेलिनला चीर गेलेली असते. फ्यूज वायरच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा जाड पीळ घातलेला असतो. तो पीळ कधी उडत नाही, म्हणून पुढे कुणाच्या विहिरीवर मोटारीचा फेज बॉडीला लागला तरी वीज तुटत नाही. आज आपण टाकलेला पीळ उद्या शेजारच्याचा जीव घेतो, हे ध्यानात ठेवावं.

डीपीच्या वर 11 केव्हीचे डीओ फ्यूज (उडाले की खाली लटकणारे) असतात. खालून लांब काठीने ते पाडणं किंवा परत चढवणं हा प्रकार बऱ्याच गावांत चालतो. लोड चालू असताना डीओ उघडला की दोन टोकांमध्ये ज्वाळ ओढली जाते, वितळलेला धातू खाली पडतो आणि काठी ओली असेल तर पुढचं सांगायला नको. एबी स्विच ओढून डीपी बंद केली म्हणून निर्धास्त होणंही चूक. वर्षानुवर्षं तेल-पाणी न झालेल्या स्विचचं एखादं पातं अडकून बसतं. दोन उघडतात, तिसरं लागलेलंच राहतं. खाली हँडल मात्र पूर्ण खाली आलेलं दिसतं.

आणि जनरेटर. मंगल कार्यालय, पोल्ट्री, डेअरी, कोल्ड स्टोरेज, कुठेही जनरेटर थेट मेन बोर्डात जोडला आणि मध्ये चेंजओव्हर स्विच नसला, तर त्याची वीज सर्व्हिस वायरमधून उलटी डीपीकडे जाते. डीपी दोन्ही दिशांनी काम करते. जनरेटरच्या 415 व्होल्टचे वरच्या बाजूला 11,000 व्होल्ट होतात आणि दोन किलोमीटरवर ‘बंद’ लाईनवर चढलेल्या माणसापर्यंत पोचतात. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालू करणं हा त्याचाच घरगुती प्रकार. चेंजओव्हर स्विचने एका वेळी एकच बाजू जोडली जाते. जनरेटर घेणाऱ्याने तो त्याच दिवशी बसवावा.

खांबाला आणि ताणाच्या तारेला (खांब तोलून धरणाऱ्या तिरक्या तारेला) गुरं बांधू नयेत, त्यावर वेल चढू देऊ नये, कपडे वाळत घालू नयेत. ताणाच्या मध्ये जो अंड्याएवढा चिनी मातीचा इन्सुलेटर असतो तो फुटला की खालची तारही भरवशाची राहत नाही.

विहिरीवरचा स्टार्टर

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तार पडणं आपल्या हातात नसतं, स्टार्टर मात्र पूर्ण आपल्या ताब्यात असतो.

नेहमीचं दृश्य असं: लोखंडी पत्र्याची पेटी, चार खिळ्यांवर, बाभळीच्या मेढीला. वर प्लॅस्टिकचा कागद. केबल ज्या भोकातून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट नाही, त्यामुळे पत्र्याची धार वायरच्या आवरणात रुतत जाते. मोटार चालू-बंद होताना केबल थरथरते आणि धार दरवेळी थोडी आत जाते. एक दिवस तांबं पत्र्याला लागतं. पेटी आता 230 व्होल्टवर आहे, बाहेरून काही दिसत नाही, मोटारही व्यवस्थित चालते. माणूस पाण्यातून चालत येतो, अनवाणी, ओल्या हाताने दार उघडतो.

‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ असं यावर उत्तर येतं. अर्थिंग हवंच, पण ते एकटं पुरत नाही, आणि का पुरत नाही ते आकड्यांत बघू. समजा विहिरीवरच्या अर्थिंगचा रोध 15 ओहम आहे आणि डीपीच्या अर्थिंगचा 5. फेज पेटीला लागला की प्रवाह 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 5 एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. म्हणून फ्यूज त्याला सोसेल असाच घातलेला असतो आणि साडेअकरा अँपिअरला तो उडत नाही. पेटीवर तेव्हा किती व्होल्ट असतात? साडेअकरा गुणिले 15, म्हणजे 172. अर्थिंग असूनही. ओल्या अंगाचा रोध 1,000 ओहमच्या आसपास धरला तर अंगातून 170 मिलिअँपिअर जातात. 30 मिलिअँपिअर छातीतून गेले तरी श्वासाचे स्नायू आखडू शकतात, आणि त्याच्याही आधी मूठ आवळली जाते, धरलेली वस्तू सोडता येत नाही.

यावर उपाय आरसीसीबी. आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक ती सतत मोजते. 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की सेकंदाच्या एक तृतीयांश भागाहून कमी वेळात वीज तोडते. मोठा दोष असेल तर त्याहून कितीतरी लवकर. थ्री फेज मोटारीला फोर पोल, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरची घ्या. ती ओव्हरलोडपासून वाचवत नाही, त्यामुळे फ्यूज किंवा एमसीबी वेगळी लागते. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर ती पडली पाहिजे. एक बारकावा: बऱ्याच मॉडेलमध्ये हे बटण न्यूट्रलवर चालतं. शेतीच्या जोडणीत न्यूट्रल आणलेला नसेल तर बटण दाबून काही होत नाही आणि शेतकऱ्याला वाटतं माल खराब निघाला. वायरमनला जोडणी करतानाच हे सांगा.

आरसीसीबी वारंवार पडू लागली की लोक तिला बायपास करतात. तसं करू नका. ती पडते म्हणजे कुठेतरी वीज झिरपते आहे. बहुतेक वेळा सबमर्सिबलच्या केबलचा पाण्यातला जोड खराब झालेला असतो. साधी काळी टेप गुंडाळलेला जोड पाण्यात टिकत नाही. प्रत्येक कोअर वेगळा, आधी रबरी टेप ओढून, मग वरून पीव्हीसी टेप आणि तीन कोअरचे जोड एकाच जागी न ठेवता पुढे-मागे, अशी बांधणी हवी. वायरमनकडून मेगरने (आवरणाचा रोध मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. मोटार आणि केबल मिळून जमिनीशी 1 मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर ती पाण्यात सोडू नये.

अर्थिंगबद्दल थोडं. किमान 40 मिलिमीटर जाडीचा जीआय पाईप, अडीच मीटर लांब, खाली भोकं पाडलेला, भोवती कोळसा आणि मीठ. तो उभा पुरायचा. दख्खनच्या मुरमात-कातळात दोन फुटांवर पहार थांबते आणि मग पाईप आडवा टाकून माती ओढली जाते. त्याला अर्थिंग म्हणता येणार नाही. अशा ठिकाणी पाटाच्या कडेची किंवा ओढ्याकडची मातीची जागा शोधा आणि तिथून जाड तार आणा. स्टार्टरपासून 30 मीटर लांब असलं तरी चालेल. उन्हाळ्यात पाईपमध्ये पाणी ओतत राहा, माती वाळली की रोध कित्येक पट वाढतो. अर्थची तार पेटीला, स्टार्टरला आणि मोटारीच्या बॉडीला तिन्हीकडे बोल्टखाली आवळलेली हवी, नुसती गुंडाळलेली नको.

अर्थिंगचा एक दुरुपयोग फार चालतो आणि तो थांबला पाहिजे. न्यूट्रल नाही म्हणून फेज आणि अर्थिंग यांवर बल्ब लावतात, कुणी पंखा, कुणी कडबाकुट्टीची छोटी मोटार. मग सगळा प्रवाह अर्थिंगच्या पाईपमधून जमिनीत जातो आणि पाईपभोवतीची ओली जमीनच धक्का देऊ लागते. गोठ्याजवळ असा पाईप असेल आणि गुरं अकारण बिथरत असतील, पाण्याच्या टाकीला तोंड लावायला कचरत असतील, तर आधी हे तपासा. एखाद्या वेळी पाईपची तार तुटते. मग बल्बमधून आलेला फेज अर्थिंगच्या तारेवर, म्हणजे स्टार्टरच्या आणि मोटारीच्या बॉडीवर येऊन बसतो.

पेटी स्वतः फायबरची घ्या, छातीच्या उंचीवर लावा, वर पत्र्याचं पुढे आलेलं छप्पर घाला, केबल खालून आत न्या म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत येणार नाही. पायाखाली कोरड्या लाकडाची फळी किंवा इन्सुलेटिंग रबरी मॅट (मॅटवर आयएस 15652 छापलेलं बघून घ्या). उंदीर, पाली आणि मुंग्या स्टार्टरमध्ये घर करतात. पाल दोन फेजांमध्ये अडकून स्टार्टर जळण्याचे प्रकार नेहमीचे. भोकं बुजवलेली असली की तेही टळतं, आणि सापही.

ऑटो स्विच वेगळ्याच कारणाने जिवावर उठतो. वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. रात्री उठायचा त्रास वाचतो हे खरं, पण विहिरीत उतरलेला किंवा कपलिंगमध्ये हात घातलेला माणूस तेव्हा मोटारीच्या तावडीत असतो. शिवाय वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते. मोटारीला हात लावायचा असेल तेव्हा मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट काढून खिशात. किटकॅट पेटीवर ठेवून विहिरीत उतरू नका, कुणीतरी चांगल्या मनाने ती परत लावतो. कपॅसिटर लावलेला असेल तर वीज तोडल्यानंतरही त्यात भार राहतो. पाच मिनिटं थांबा आणि तपासून मग टर्मिनलला हात लावा.

तपासायचं कशाने? दहा-वीस रुपयांच्या टेस्टरवर विसंबू नका. भर उन्हात त्यातला दिवा दिसत नाही. कोरड्या फळीवर उभं राहून लावला तर फेज असूनही तो अंधुक पेटतो किंवा पेटतच नाही. टेस्ट लॅम्प करून ठेवा: सारख्याच वॅटचे 230 व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये, कारण दोन फेजांमध्ये एकच बल्ब लावला तर तो फुटतो. आधी चालू असलेल्या जागी लावून बल्ब पेटतात हे बघा, मग बंद जागी, मग पुन्हा चालू जागी.

विहिरीत मोटार चालू असताना पोहायचं नाही, आणि ती बंद असली तरी किटकॅट काढल्याशिवाय नाही. उन्हाळ्यात पोरं विहिरीवर जमतात, तेव्हा हे त्यांना कुणीतरी मोठ्याने सांगितलं पाहिजे. मोटार वर काढताना दोराने काढा, केबलला धरून ओढू नका.

उंच वस्तू

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे शेतातून जाणारी 11 केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर उंच असावी लागते. रस्ता ओलांडताना लघुदाबाला 5.8 आणि उच्चदाबाला 6.1 मीटर. आता हे आकडे शेतातल्या वस्तूंशी ताडून बघा. पीव्हीसीचा किंवा तुषार सिंचनाचा पाईप 6 मीटरचा असतो. त्यातलं पाणी, बेडूक, गाळ काढायला लोक तो उभा करतात, आणि तो तारेच्या वर जातो. अ‍ॅल्युमिनियमची शिडी, आंबा काढायचा अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचा झेला, बोअरच्या गाडीचा मनोरा, डंपरची उचललेली ट्रॉली, कडब्याने चार मीटरच्या वर भरलेला ट्रॅक्टर, हार्वेस्टर, सगळ्यांचं तेच. तारांना झोळ आलेला असेल तर 4.6 मीटरही उरत नाहीत. उन्हाळ्यात तार तापून आणखी खाली येते.

11 केव्हीची तार माणसाला लांबून ओढून घेते असं म्हणतात. ते खरं नाही; कोरड्या हवेत ती दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा फार लांब झेप घेत नाही. पण लांब पाईपचं टोक वर कुठे आहे याचा अंदाज खालून दोन-तीन फुटांनी सहज चुकतो, म्हणून 33 केव्हीपर्यंत 3 मीटरचं अंतर ठेवायचं. मनोऱ्यांवरच्या 400 केव्हीच्या लाईनला मात्र स्पर्श लागत नाही, तिथे 8 मीटर धरा. तिच्याखाली ट्रॅक्टर उभा केला तर हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तिथे डिझेल भरू नका.

गाडी तारेला लागलीच तर आत बसून राहा आणि जमत असेल तर गाडी मागे घ्या. खाली असलेल्यांना लांब जायला सांगा. आग लागली तरच उतरा, आणि तेही पाय जुळवून उडी मारून. एक पाय जमिनीवर आणि हात गाडीला, असं क्षणभरही होता कामा नये. मग पाय जुळवूनच सरकत दूर जा.

उसावरून गेलेल्या झोळाच्या तारा वाऱ्यात एकमेकींना घासतात, ठिणग्या पाचटावर पडतात आणि उभा ऊस जातो. तोडणीच्या हंगामाआधी लेखी अर्ज देऊन तारा ओढून घ्या, लघुदाबाच्या तारांत स्पेसर बसवून घ्या. अर्जाची पोच जपून ठेवा. पुढे नुकसानभरपाई मागताना तीच कामी येते.

घराजवळचा एक धोका सांगितलाच पाहिजे: कपडे वाळत घालायची जीआय तार. तिचं एक टोक पत्र्याच्या शेडला आणि सर्व्हिस वायर त्याच पत्र्यावर घासत गेलेली. आवरण झिजलं की पत्रा, तार आणि ओला कपडा, सगळं जिवंत. तार काढून नायलॉनची दोरी बांधा. सर्व्हिस वायर पत्र्यावर टेकत असेल तर ती पाईपमधून वर उचलून घ्या.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे. त्यात डुकरापेक्षा शेजारी, मजूर आणि स्वतःच्या घरचीच माणसं मरतात. झटका मशीन वेगळं. ते सेकंदातून एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ दाब सोडतं आणि एका झटक्याची ऊर्जा मानकानुसार 5 ज्यूलच्या आत असते, म्हणून जनावर दचकतं पण मरत नाही. त्याचं अर्थिंग मोटारीच्या अर्थिंगपासून 10 मीटर लांब असावं आणि त्याची तार विजेच्या खांबाला बांधू नये.

धक्का बसलेला माणूस

लघुदाब असेल तर आधी मेन स्विच. तो सापडत नसेल तर कोरडी काठी, प्लॅस्टिकची खुर्ची, कोरडं घोंगडं यांनी माणसाला सोडवा, स्वतः कोरड्या फळीवर उभं राहून. 11 केव्ही असेल तर उपकेंद्रातून फीडर बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही. हे फार जड जातं, पण दुसरं काही करण्यासारखं नसतं.

सुटल्यावर तो हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. पाठीवर सपाट झोपवा, छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. शिकलेले असाल तर 30 दाबांनंतर दोन श्वास, नसाल तर नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. शेणात किंवा मातीत पुरून ठेवल्याने वीज ‘उतरत’ नाही. त्यात हृदय सुरू करायची वेळ मात्र निघून जाते. तो उठून बसला, बोलू लागला तरी दवाखान्यात न्या. हृदयाचा ठोका नंतर बिघडू शकतो, आणि विजेचं भाजणं बाहेर रुपयाएवढं दिसतं तेव्हा आत स्नायू जळालेला असतो.

कुणी दगावलं, माणूस असो की जनावर, तर पोलिसांना आणि वीज कंपनीला कळवा. जागा सुरक्षित केल्यावर तारा, स्टार्टर, केबल यांची हलवाहलव करू नका. विद्युत कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात आणि दोष कुणाचा हे त्यांच्या अहवालावर ठरतं. पंचनामा आणि माणसाचं शवविच्छेदन, जनावर असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, हे कागद नसले की भरपाईचा अर्ज अडतो.

स्टार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने चार गोष्टी लिहून ठेवा: ग्राहक क्रमांक, डीपीचं नाव किंवा नंबर, फीडरचं नाव, उपकेंद्राचा आणि लाईनमनचा फोन. शेताजवळच्या खांबावरचा नंबरही त्यातच. रात्री दोन वाजता ‘पाटलाच्या मळ्याजवळ तार पडलीय’ एवढं सांगितलं तर ऑपरेटरला कुठला फीडर पाडायचा ते कळत नाही. फीडरचं नाव सांगितलं तर तो फोन हातात असतानाच बंद करू शकतो.